तारा निघाल्या, आता रिटेनर: घालायचा कसा, धुवायचा कसा, जपायचा कसा

गोदाकाठ (सकाळी ९:१०)

दहावी-बारावीच्या सुट्टीत नाशकात बऱ्याच मुलांच्या दातांच्या तारा निघतात आणि जूनमध्ये शाळा-कॉलेज सुरू झालं की रिटेनर, म्हणजे सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवायला देतात ती वस्तू, कपाटात जातो. दिवाळीपर्यंत पुढचा एखादा दात वळलेला दिसतो. म्हणून हा धागा. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी नेमकं लिहावं.

आधी कारण सांगते, कारण ते कळलं नाही तर मुलं रिटेनर घालत नाहीत. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा पक्का नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. तारांनी दात सरकवला की हे तंतू ताणले जातात. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी बसायला साधारण ३ ते ४ महिने घेतात, हिरडीतले ४ ते ६ महिने. हिरडीच्या वरच्या भागातले लवचिक तंतू मात्र वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. तारा निघाल्यानंतरचं पहिलं वर्ष म्हणूनच सगळ्यात नाजूक. वळलेला दात सरळ केला असेल किंवा पुढच्या दोन दातांमधली फट मिटवली असेल, तर ही ओढ सर्वांत जोरात असते.

साधारण पद्धत अशी: पहिले ३ ते ६ महिने दिवसाचे २० ते २२ तास, म्हणजे फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढायचा. मग रोज रात्री. काही ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणारे दातांचे डॉक्टर) पारदर्शक रिटेनर पहिल्यापासून फक्त रात्री घालायला सांगतात, तेही चुकीचं नाही. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते पाळा, शेजारच्या मुलाचं वेळापत्रक उचलू नका. वर्षभरानंतरही रात्रीचा रिटेनर सोडू नये. वय वाढतं तसे खालचे पटाशीचे दात दाटत जातात, ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेसुद्धा.

लॅबवाला_सिडको (सकाळी ९:४२)

ताईंनी कारण छान लिहिलं. मी वस्तूबद्दल लिहितो, कारण 'रिटेनर' म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि तिघींची निगा वेगळी.

पहिला पारदर्शक. साधारण १ मिलिमीटरचा प्लास्टिकचा पत्रा गरम करून दातांच्या साच्यावर दाबून काढतात. बसतो चांगला, दिसत नाही, बोलण्यात अडचण कमी. उष्णतेपुढे मात्र टिकत नाही.

दुसरा हॉले, ज्याला पेशंट 'प्लेट' म्हणतात. टाळूला लागून अॅक्रिलिक (कडक प्लास्टिक), पुढच्या दातांवरून ०.७ मिलिमीटरची स्टीलची तार आणि दाढांवर अडकणारे आकडे. जाड वाटतो, पण जपला तर वर्षानुवर्षं जातो आणि डॉक्टर पक्कडीने तार थोडी घट्ट-सैल करू शकतात. पारदर्शकात ती सोय नाही.

तिसरा पक्का. खालच्या पुढच्या ६ दातांच्या मागे, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, बारीक पिळाची तार कंपोझिटने (दात भरायच्या दाताच्या रंगाच्या मसाल्याने) चिकटवलेली. ती तुम्हाला काढायची नाही, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. साफ करणं सगळ्यात कष्टाचं हिच्याच बाबतीत.

पारदर्शक साधारण १ ते ३ वर्षं टिकतो. रात्री दात खात असाल तर त्याहून लवकर दाढांच्या जागी भोकं पडतात.

इंदिरानगर_आई (सकाळी १०:१५)

नमस्कार. आठवीतल्या मुलीला परवा वर आणि खाली पारदर्शक रिटेनर दिलेत. घालताना ती दातांनी चावून बसवते, काढताना पुढून एका नखाने ओढते. हे चालेल का? आणि 'घट्ट वाटतो' म्हणते, ते किती दिवस?

गोदाकाठ (सकाळी १०:३८)

दोन्ही बंद करायला सांगा ताई. चावून बसवला की जोर एका दाढेवर येतो आणि प्लास्टिक तिथेच चिरतं. हात धुवून रिटेनर दातांवर ठेवायचा, आधी पुढच्या दातांवर बोटांनी हलकं दाबायचं, मग दोन्ही बाजूंच्या दाढांवर एकाच वेळी. काढताना उलटं: तर्जनीचं टोक आतल्या बाजूने शेवटच्या दाढेजवळच्या कडेखाली घालायचं, एका बाजूची दाढ सुटली की दुसऱ्या बाजूची सोडवायची, आणि मग तो पुढून उचलायचा. पुढून ओढला की मधोमध, पटाशीच्या दातांपाशी, उभी चीर जाते.

नीट बसलाय का हे आरशात पाहता येतं. दाताचं टोक आणि प्लास्टिकचा तळ यांच्यामध्ये हवेची चमकती पट्टी दिसली तर तो पूर्ण खाली गेलेला नाही.

घट्टपणा पहिले दोन-चार दिवस असतो. नंतरही रोज रात्री घालताना पहिली काही मिनिटं थोडं दाबल्यासारखं वाटलं तर समजायचं की दिवसभरात दात किंचित सरकले आणि रिटेनर त्यांना परत बसवतोय. म्हणजे तिने तास वाढवायला हवेत. एखाद्याच दाताला दुखणं किंवा हिरडीला जखम मात्र लगेच दाखवावी.

म्हसरूळकर (सकाळी ११:०५)

कड जिभेला कापत असेल तर नेलकटर लावू नका. कड दातेरी होते आणि तिथून चीर सुरू होते. डॉक्टरांकडे ते घासून गुळगुळीत करणं दोन मिनिटांचं काम आहे. तोवर तारांच्या वेळी मिळालेलं मेण उरलं असेल तर त्याची छोटी गोळी कडेवर दाबून ठेवायची.

शिफ्टवाला_अंबड (दुपारी १२:२०)

एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी 'रोज रात्री' म्हणजे काय? आणि कामावर डब्यात ठेवला तर चालतो का? पाळी दर आठवड्याला बदलते.

गोदाकाठ (दुपारी १२:४१)

'रात्री' म्हणजे तुमची झोप, दादा. सकाळी ८ ला घरी येऊन झोपलात तरी ते ७-८ तास भरले पाहिजेत. पाळी बदलते त्या दिवशी गोंधळ होतो, दोन झोपांमध्ये मोठं अंतर पडतं, त्या दिवशी जेवणानंतर जागेपणीही ३-४ तास घालून ठेवा. ज्यांचा २०-२२ तासांचा काळ चालू आहे त्यांनी कामावरही घालायचा, फक्त डबा खाताना काढायचा. कँटीनच्या चहाचं मात्र बघा, दर फेरीला चहा असेल तर दर फेरीला काढावा लागेल.

लॅबवाला_सिडको (दुपारी १:१०)

चहाचा विषय निघाला म्हणून उष्णतेबद्दल एकदाच सगळं लिहितो. खराब झालेल्या पारदर्शक रिटेनरमध्ये चेपलेले, वाकलेले फार असतात.

यातलं एक नेहमीचं प्लास्टिक पीईटीजी. ते साधारण ८० अंशांना मऊ पडतं. पण पत्रा दाबून काढताना त्यात ताण राहिलेला असतो, त्यामुळे त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही कडा हळूहळू उघडायला लागतात. कडा अर्धा मिलिमीटर जरी उघडल्या तरी रिटेनर सैल, आणि सैल रिटेनर दात धरत नाही. आता घरातल्या जागा बघा. गिझरचं पाणी ५०-६० अंश. ज्या बंगल्यांवर सोलर आहे तिथे उन्हाळ्यात दुपारचं पाणी याहून कडक येतं आणि नळ सोडल्यावर पहिले काही सेकंद ते कळतही नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० च्या आसपास जाऊ शकतो. स्कूटरची डिकी, खिडकीतला कट्टा, गॅसशेजारचा ओटा, सगळं तसंच.

नियम सोपा: मनगटावर पाणी गार किंवा जेमतेम कोमट लागलं तरच रिटेनर त्याखाली. 'उकळून निर्जंतुक' अजिबात नाही. वाकलेला रिटेनर पुन्हा गरम करून घरी सरळ होत नाही, तो नवाच करावा लागतो.

पंचवटीकर (दुपारी २:००)

आमच्याकडे सांगतात की गरम पाण्यात मीठ टाकून त्यात ठेवायचा, नाहीतर ब्रशवर पेस्ट घेऊन दातांसारखाच घासायचा. घासलेला तर छान चकचकीत दिसतो. यात बिघडतं काय?

म्हसरूळकर (दुपारी २:३५)

पंचवटीकर काका, चकचकीत दिसतो तो ओला असताना. वाळल्यावर उजेडात धरून बघा, बारीक ओरखडे दिसतील. पेस्टमध्ये दात घासायला खरखरीत कण घातलेले असतात, दाताचं कवच ते सोसतं, प्लास्टिक सोसत नाही. त्या ओरखड्यांत जंतूंचा थर बसतो आणि तिथूनच वास सुरू होतो. गरम पाण्याचं वर लिहिलंच आहे.

रोजचं धुणं असं. तोंडातून काढल्या काढल्या गार पाण्याखाली धरायचा, लाळ वाळू द्यायची नाही, कारण वाळलेली लाळच पुढे पांढरा खडू होते. मग वेगळा मऊ ब्रश (लहान मुलांचा चालतो) आणि भांडी किंवा हात धुण्याच्या सौम्य लिक्विड साबणाचा एक थेंब. आतली बाजू आधी, दातांच्या खळग्यांत, मग बाहेरची. अर्धा मिनिट पुरतं. साबणाची चव जाईपर्यंत धुवायचा. बेसिनमध्ये खाली ओला नॅपकिन पसरून ठेवा, हातातून निसटून सिरॅमिकवर पडला की चीर जाते.

आठवड्यातून एक-दोनदा कवळी साफ करायची गोळी, औषधाच्या दुकानात क्लिन्सोडेंट किंवा फिटीडेंट नावाने मिळते. पेलाभर कोमट पाण्यात एक गोळी, रिटेनर पूर्ण बुडेल इतकं पाणी, पाकिटावर लिहिलेला वेळ, मग ब्रश आणि भरपूर पाणी. गोळी विरघळलेलं पाणी तोंडात घ्यायचं नाही, आणि रात्रभर बुडवून ठेवायची गरज नाही. गोळी नसेल तर खाण्याचा सोडा १ चमचा, पेलाभर पाण्यात विरघळवून १५ मिनिटं. सोडा कोरडा घेऊन घासायचा नाही, तोही खरखरीतच.

इंदिरानगर_आई (दुपारी २:५८)

आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी येतं. तीन दिवसांतच कडेला पांढरट थर दिसतोय, ब्रशने जात नाही.

म्हसरूळकर (दुपारी ३:२०)

तो जड पाण्यातला क्षार आणि लाळेतलं कॅल्शियम. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, त्यात १५-२० मिनिटं, मग मऊ ब्रश. पंधरवड्यातून एकदा पुष्कळ. शेवटचं धुणं पिण्याच्या फिल्टर केलेल्या पाण्याने केलंत तर थर मुळात कमी बसेल. लिंबू घासू नका. कपड्यांचं ब्लीच कधीही नाही, त्याने हॉलेची तार गंजते आणि अॅक्रिलिक फिकट पडतं. अल्कोहोलच्या माउथवॉशमध्येही बुडवून ठेवू नका.

शिफ्टवाला_अंबड (दुपारी ३:४५)

रिटेनर घालून नुसतं पाणी पिलं तर चालतं ना? आणि मिसळ?

गोदाकाठ (दुपारी ४:०५)

साधं पाणी बिनधास्त. बाकी सगळ्यासाठी काढायचा. आणि हे फक्त प्लास्टिक वाकण्यापुरतं नाही. पारदर्शक रिटेनर दातावर वाटीसारखा बसतो. चहा, द्राक्षाचा रस, कोल्ड्रिंक त्या वाटीत शिरलं की आत राहतं, आणि लाळ, जिचं कामच आम्ल धुऊन टाकण्याचं, ती आत पोचत नाही. तासन्‌तास साखरेत दात भिजल्यासारखं होतं. तारांभोवती आधीच पांढरे डाग पडले असतील तर तिथूनच कीड लागते.

मिसळीत तर तिन्ही संकटं एकत्र: गरम रस्सा, हळद-तिखटाचा रंग आणि तेल. एकदा पिवळा झालेला रिटेनर पुन्हा पाण्यासारखा होत नाही. खाल्ल्यावर ब्रश शक्य नसेल तर निदान दोन-तीन जोरदार चुळा भरून मगच घाला.

आणि मिसळीच्या टेबलावर रिटेनर टिशूत गुंडाळून ठेवू नका. हरवण्याचं हे नेहमीचं कारण. पोरगा ताटाबरोबर टिशू उचलतो आणि बादलीत टाकतो, त्याची चूक काहीच नाही. कडक प्लास्टिकचा, बारीक भोकं असलेला डबा सोबत हवा, शक्यतो भडक रंगाचा. नियम एकच: रिटेनर तोंडात नाहीतर डब्यात, तिसरी जागा नाही. घरी कुत्रा असेल तर डबा उंचावर, लाळेच्या वासाने कुत्री रिटेनर चावून टाकतात.

लॅबवाला_सिडको (दुपारी ४:३०)

हॉलेवाल्यांसाठी तीन गोष्टी. जिभेने खाली-वर टकटक करायची सवय लागते, ती मोडा. त्याने दाढेवरचा आकडा दर वेळी थोडा वाकतो आणि एक दिवस तुटतो. काढताना पुढच्या तारेला धरून ओढू नका, दोन्ही बाजूंच्या आकड्यांना नख लावून काढा. आणि तार वाकली तर घरच्या पक्कडीने सरळ करू नका. तारेची अर्ध्या मिलिमीटरची चूक दात ढकलायला पुरते, म्हणजे रिटेनर धरायचं सोडून दात हलवायला लागतो.

पहिले काही दिवस 'स', 'श', 'च' बोबडे येतात, तोंडाला पाणी सुटतं. रोज १०-१५ मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं की जीभ जागा शोधते. शाळेत लाज वाटते म्हणून काढून ठेवला तर ती जागा कधीच सापडत नाही.

पंचवटीकर (संध्याकाळी ५:१५)

पक्की तार असलेल्यांनी दोरा कसा घालायचा? वरून तर जातच नाही.

म्हसरूळकर (संध्याकाळी ५:५०)

हा भाग सविस्तर लिहितो काका, कारण खालच्या पुढच्या दातांमागेच लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात आणि कीटण तिथेच सगळ्यात लवकर साचतं. त्यात तार म्हणजे कीटणाला आयता आधार.

सुपरफ्लॉस घ्या. त्याचा एक सिरा कडक, मधला भाग स्पंजासारखा, उरलेला साधा दोरा. आरसा आणि उजेड हवा. कडक सिरा पुढच्या बाजूने, दोन दातांच्या मधल्या फटीत, हिरडीच्या जवळून आत सरकवायचा, म्हणजे तो तारेच्या खालून जिभेच्या बाजूला निघतो. बोटाने तो पकडून स्पंज फटीत येईपर्यंत ओढायचा. मग एका दाताला दोरा अर्धचंद्रासारखा टेकवून तारेपासून हिरडीच्या किंचित आतपर्यंत ४-५ वेळा खाली-वर. शेजारच्या दाताला तसंच. झाल्यावर दोरा वर न ओढता एका बाजूने बाहेर काढायचा, वर ओढला तर तारेचा चिकटा सुटतो. ६ दात म्हणजे ५ फटी. पहिल्या आठवड्यात १० मिनिटं लागतात, हात बसला की तीन.

साधा दोरा असेल तर प्लास्टिकची सुई मिळते, तिच्यात ओवून हेच करायचं. फटी मोठ्या असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश. पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन अन्नाचे कण काढतं, चिकट थर पूर्ण काढत नाही, म्हणून ते दोऱ्याच्या जागी नाही, दोऱ्यासोबत. दर ६ महिन्यांनी कीटण काढून घ्यायचं आणि तार आहे हे आधी सांगायचं.

ऊस, कणीस, अख्खा पेरू, चिक्की समोरच्या दातांनी तोडायची नाही. पेरूच्या फोडी करा, कणसाचे दाणे काढा.

लॅबवाला_सिडको (संध्याकाळी ६:१०)

यात एक जोड. पक्की तार एका दातावरून सुटली तर दुखत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही आणि तेवढाच दात निसटतो. रोज ब्रश करताना जीभ तारेवरून फिरवा. टोक टोचलं, एखादी गुठळी हलली किंवा दाताला नख लावल्यावर तार उचलली, तर त्याच आठवड्यात दाखवा. याहून वाईट म्हणजे तार सुटत नाही पण तिच्यात पीळ राहिलेला असतो आणि ती स्वतःच दात फिरवते. एक सुळा पुढे, दुसरा मागे जातोय असं दिसलं तर 'तार आहे ना, मग काही होणार नाही' म्हणून बसू नका.

शिफ्टवाला_अंबड (संध्याकाळी ७:३०)

आणि कोणी पंधरा दिवस घातलाच नाही तर? गावी लग्नं असतात, डबा इकडेच राहतो.

गोदाकाठ (संध्याकाळी ७:५५)

आधी गार पाण्याने धुवून हलक्या बोटांनी बसवून बघायचा. पूर्ण खाली बसला, हवेची पट्टी दिसत नाही, फक्त घट्ट वाटतोय, तर पुढचे काही दिवस पूर्ण वेळ घालायचा आणि मग पूर्वीच्या वेळापत्रकावर यायचं. बसतच नसेल तर जोर करायचा नाही. रिटेनर मोडतो, नाहीतर दाताला इजा होते. डॉक्टरांना फोन करून लगेच वेळ घ्यायची. आठवडाभरात गेलात तर कधी कधी नव्या रिटेनरवर भागतं, सहा महिन्यांनी गेलात तर पुन्हा तारांचंच बोलणं होतं.

लॅबवाला_सिडको (रात्री ८:२०)

म्हणूनच तारा काढायच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा: दुसरा जोड मिळेल का, आणि साचा कोण ठेवणार? प्लास्टरचा साचा असेल तर कापसात गुंडाळून डब्यात घरी ठेवा, त्यावर नवा पारदर्शक रिटेनर निघतो. तोंडाचं स्कॅन केलं असेल तर त्याची फाइल मागून घ्या. मात्र मधल्या काळात दात सरकले असतील किंवा नवीन फिलिंग, कॅप झाली असेल, तर जुना साचा उपयोगाचा नाही. दात भरायला किंवा कॅप लावायला जाताना रिटेनर सोबत न्या. डॉक्टर फिलिंगचा आकार त्याला जुळवून घेऊ शकतात.

माप घेतल्यावर ते बराच वेळ तसंच पडून राहिलं की आकसतं. म्हणून नवा रिटेनर पहिल्या दिवसापासूनच बसत नसेल तर 'सवय होईल' म्हणून थांबू नका, माप पुन्हा द्या.

इंदिरानगर_आई (रात्री ८:४५)

मुलीची सगळ्यात मागची दाढ (अक्कलदाढेच्या आधीची) आत्ताच वर येतेय, रिटेनर तिच्या आधीच संपतो. अडचण होईल का? आणि पुढे अक्कलदाढ आली की दात पुन्हा वाकडे होतात म्हणतात, ती आधीच काढून टाकावी का?

गोदाकाठ (रात्री ९:१५)

पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. वरच्या-खालच्या बाकीच्या दाढा रिटेनरवर टेकतात आणि मागची मोकळी राहते, त्यामुळे ती हळूहळू जास्त वर येऊ शकते. मग दात मिटताना आधी तीच लागते. पुढच्या तपासणीला हे दाखवा. ती दाढ पुरेशी वर आली की तिला निदान अर्धी झाकणारा नवा रिटेनर करून मिळतो. तोवर आहे तोच घालायचा, थांबवायचा नाही.

अक्कलदाढ पुढचे दात ढकलते हा समज जुना आहे, पण त्याला भक्कम आधार नाही. अक्कलदाढा नसलेल्यांचेही खालचे पटाशीचे दात वयाबरोबर दाटतात. दाढ आडवी अडकली, किडली, सारखी सुजली तर त्यासाठी काढतात, तारांचं काम राखण्यासाठी नाही.

तपासणीला पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी बोलावतात, ते चुकवू नका आणि प्रत्येक वेळी रिटेनर डब्यातून घेऊन जा. तारा लावलेले डॉक्टर गाव सोडून गेले असतील तर दुसऱ्या कोणत्याही ऑर्थोडॉन्टिस्टकडे रिटेनर करून मिळतो. पंचवटीतल्या के.बी.एच. दंत महाविद्यालयातही ऑर्थोडॉन्टिक्स विभाग आहे. जाताना जुना रिटेनर मोडलेला असला तरी न्या, तुकडे जुळवून दात कुठे होते ते दिसतं.